पायरी की दागिना?

आज जरा भांडायचं आहे. विषय ऐकून हसाल, तर हसा, हरकत नाही. पिकअप ट्रकच्या दाराखाली आत चढताना पाय ठेवायला जी पट्टी किंवा नळी बसवतात, तिच्याबद्दल बोलायचंय. कुणी रनिंग बोर्ड म्हणतं, कुणी साइड स्टेप. इथे अमेरिकेत गाडीच्या सामानाच्या दुकानात त्यांची अख्खी भिंत असते. त्या भिंतीसमोर उभं राहून मी आयुष्यातली एक अत्यंत मूर्ख खरेदी केली आहे. त्यामुळे या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे, असं मी समजतो.

तर झालं असं. तीन वर्षांपूर्वी आम्ही डेट्रॉइटच्या उपनगरातून जरा लांब, मोठ्या अंगणाच्या घरात राहायला आलो आणि मी पिकअप घेतला. गरज होती का? थोडी होती. माती आणायची, लाकडं आणायची, जुनं कपाट टाकून यायचं. बाकी हौस. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे नंतर कुणी माझ्या तोंडावर मारायला नको. चार दारांचा, फोर व्हील ड्राइव्ह, ऐटबाज. नुसता बघूनच आपण दोन इंच उंच झाल्यासारखं वाटायचं.

दारात पायरी मात्र नव्हती. ती हवी असेल तर वरचं मॉडेल घ्या, नाहीतर वेगळी विकत घ्या. मी दुकानात गेलो. तिथल्या माणसाने मला तीन प्रश्न विचारले: काळी हवी की क्रोम, गोल नळी हवी की चपटी, आणि बजेट किती. कोण चढणार आहे, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण माझ्याही डोक्यात ते आलं नव्हतं. भिंतीवर गाडीचे मोठमोठे फोटो होते. चिखल उडतोय, मागे डोंगर, आणि गाडीच्या पोटाखाली चकाकणारी नळी. फोटोत पाय कुठेच नव्हता. पाय ठेवायच्या वस्तूची जाहिरात आणि त्यात एकही पाय नाही! हे माझ्या तेव्हा लक्षात आलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

तीन इंच व्यासाची गोल क्रोमची नळी घेतली. एका शनिवारी मित्राला बोलावून स्वतः बसवली. फार अवघड काम नाही. गाडीच्या खाली कंपनीने आधीच आटे पाडलेली भोकं ठेवलेली असतात. प्रत्येक बाजूला तीन ब्रॅकेट, पाना घ्या आणि आवळा. दुपारपर्यंत काम झालं, लांबून बघून आम्ही दोघांनी माना डोलावल्या.

जूनमध्ये आई-बाबा आले, सहा महिन्यांसाठी.

आई एकोणसत्तर वर्षांची. प्राथमिक शाळेत बत्तीस वर्षं शिक्षिका होती आणि त्यातली बरीचशी वर्षं रोज एस.टी.ने जाऊन-येऊन नोकरी केली. डावा गुडघा झिजलेला आहे, पण 'मला काही होत नाही' ही तिची भूमिकाही तितकीच जुनी. विमानतळाच्या पार्किंगमध्ये तिने साडी जरा वर धरली, नळीवर पाय ठेवला, आणि तो सरकला. पडली नाही, मी मागे होतो. मग मी मागून आधार दिला. आधार कसला, ढकलली. आत बसल्यावर ती हसली आणि म्हणाली, "अरे, हा ट्रक आहे की माळा?" सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या दोन महिन्यांत आईला वारंवार 'आज बरं वाटत नव्हतं'. मी ट्रक काढला की हमखास. बायकोच्या छोट्या गाडीतून ती दुकानात, देवळात, नातीच्या शाळेत आनंदाने जायची. मंडळाच्या गणपतीच्या दिवशी बायको सजावटीसाठी तिची गाडी घेऊन सकाळीच गेली होती. दुपारी मी आई-बाबांना घेऊन निघणार, तर आई म्हणाली, "तुम्ही जा. माझं डोकं दुखतंय." गणपतीला! जी बाई तापातसुद्धा उकडीचे मोदक करायची ती. बाबा म्हणाले, "अगं, चल की, तिथे बसशील." ती काही आली नाही.

संध्याकाळी बायकोने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "अरे, तुला खरंच कळत नाही का? तिथे हॉलच्या बाहेर सगळी ओळखीची माणसं उभी असतात. आईंना त्या सगळ्यांसमोर तुझ्याकडून असं मागून ढकलून घ्यायचं नाहीये."

त्या रात्री मी टेप घेऊन गॅरेजमध्ये गेलो. जमिनीपासून दाराच्या उंबरठ्यापर्यंत २३ इंच. जमिनीपासून माझ्या दिमाखदार नळीच्या माथ्यापर्यंत १८ इंच. म्हणजे काय झालं बघा. चढायचे होते २३ इंच. त्यातले १८ इंच माणसाने एका पायावर चढायचे आणि मग उरलेल्या ५ इंचांसाठी पायरी! दारासमोर कमरेएवढा कट्टा बांधून त्यावर एक वीट ठेवावी आणि 'घ्या, जिना केला' म्हणावं, तसला हा प्रकार.

घराच्या जिन्याचं काय असतं? इथे निवासी बांधकामासाठी जी नमुना संहिता बहुतेक राज्यं आधाराला घेतात, तिच्यात पायरीची उंची जास्तीत जास्त पावणेआठ इंच आणि पाय ठेवायची जागा कमीत कमी १० इंच, असं लिहिलं आहे. राज्याराज्यांत थोडा फरक असेल, पण कुठलाही इन्स्पेक्टर १८ इंच उंच आणि ३ इंच रुंद, वर गोल, अशी पायरी बघून सही करणार नाही. उलट विचारेल की घरात माकडं राहतात का? मग तीच बाई घराच्या दारातून बाहेर पडून चार पावलं चालून गाडीपाशी आली की तिचे गुडघे नवे होतात काय?

तुम्ही म्हणाल, गाडी म्हणजे घर नव्हे. कबूल. गाडीला पावणेआठ इंचांच्या तीन पायऱ्या लावा असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की जी वस्तू पायरी म्हणून विकता, ती पायरी असावी. जमीन आणि उंबरठा यांच्या साधारण मध्यावर असावी. तिच्यावर बुटाचा पुढचा अर्धा भाग तरी सपाट टेकावा. एवढं नसेल तर तो दागिना आहे. दागिना म्हणून विका, माझी काही हरकत नाही, मीही पूर्वी कानात भिकबाळी घालायचा विचार केला होता.

आणि ही अपेक्षा काही फार मोठी नाही. आई ज्या एस.टी.ने आयुष्यभर गेली ती काही विमान नव्हती. एस.टी.ची पहिली पायरीही बुटकी नसते, म्हाताऱ्या बायका तिला शिव्या घालतच चढतात. पण आत पाऊल ठेवलं की पुढची पायरी, तिच्यापुढे आणखी एक, आणि हाताशी पकडायला दांडा. महामंडळाने वर्षानुवर्षं दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या आपल्या वर्कशॉपमध्ये या बॉड्या बांधल्या. तिथे तो दांडा ज्याने वेल्ड केला, त्याच्या डोळ्यांसमोर एका हातात पिशवी आणि एका हातात पोर घेतलेली बाई नक्की असणार. माझ्या नळीच्या डिझायनरच्या डोळ्यांसमोर नुसती गाडी होती.

आता दांड्याचा विषय निघालाच आहे तर तो सोडत नाही, कारण या सगळ्या व्यवहारात हाताला कुणी विचारतच नाही. गुडघा दुखणारं माणूस पायाने चढत नाही, हाताने चढतं. आमच्या आजोळच्या वाड्यात लाकडी जिना इतका उभा होता की वरून दोर सोडलेला असायचा, चढताना धरायला. आजी त्या दोराला धरून ऐंशीव्या वर्षीही वर जायची. पायऱ्या वाईट होत्या, पण दोर होता! माझ्या ट्रकमध्ये पुढच्या प्रवासी दाराच्या खांबाला आतून धरायला कडी आहे. मागच्या दारांना नाही, कारण मी स्वस्तातलं मॉडेल घेतलं. आणि आईला बसायचं असतं मागे, नातीशेजारी. तिने धरायचं काय? सीटचा पट्टा? तो ओढला की सुटत येतो. उघडं दार? ते हलतं. पायऱ्यांच्या त्या अख्ख्या भिंतीवर कडी एकही नव्हती. ती वेगळी मागवावी लागते.

चढण्यापेक्षा उतरणं वाईट, हेही मला आईकडूनच कळलं. चढताना पायरी दिसते. उतरताना ती आपल्याच पोटाखाली लपते. तोंड बाहेर करून उतरणारं माणूस अंदाजाने पाय सोडतं, आणि तीन इंचांच्या नळीचा अंदाज चुकायला असा कितीसा वेळ लागतो? मोठे ट्रक चालवणाऱ्यांना शिकवतात की गाडीकडे तोंड करून उतरा आणि दोन हात-दोन पाय यांतले तीन कायम कुठेतरी टेकलेले ठेवा. मी हे मोठ्या तोऱ्यात आईला सांगायला गेलो. ती म्हणाली, "माळ्यावरून उतरताना आपण शिडीकडेच तोंड करतो ना? पण तुझ्या शिडीला धरायला काही नाही, आणि पायाखाली आहे ती काठी." विषय संपला.

मग मी नीट अभ्यासाला लागलो. (बायकोच्या मते अभ्यास खरेदीच्या आधी करायचा असतो.) दुकानांच्या यार्डात उभ्या गाड्यांवर चढून-उतरून पाहिलं, टेप लावून पाहिली. लोकांनी वेड्यात काढलं, पण काही गोष्टी कळल्या.

रुंद, सपाट रनिंग बोर्ड पाच-सहा इंचांचं असतं. पाय छान टेकतो आणि दाराच्या पूर्ण लांबीत कुठेही ठेवता येतो. पण त्यातली बरीचशी गाडीच्या पोटाला घट्ट चिकटून बसवलेली असतात, कारण खाली लोंबलेलं दिसायला बरं दिसत नाही. उंची पुन्हा तीच, सतरा-अठरा इंच. शिवाय रुंद बोर्ड बाहेर आलेलं असतं, त्यावर हिवाळ्यात मिठाचा चिखल बसतो, आणि उतरताना पोटरी त्याला घासते. इथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. पँटवाल्याची पँट खराब होते. साडीवालीच्या काठाचं काय होतं ते विचारू नका.

विजेवर चालणारी पायरीही असते. दार उघडलं की खाली येते, बंद केलं की पोटात जाते. उंचीच्या हिशोबात ही खरंच चांगली, कारण मिटून जात असल्यामुळे तिला खाली यायला लाज वाटत नाही. पण किंमत हजार डॉलरच्या बरीच वर, आणि मिशिगनच्या जानेवारीत सांध्यात चिखल-बर्फ गोठला की मोटर नुसती कण्हते. ज्यांच्याकडे कोरडी हवा आणि पैसे दोन्ही आहेत त्यांनी जरूर घ्यावी.

धातूबद्दल थोडक्यात: मिठाच्या प्रदेशात क्रोम घेऊ नका. माझ्या नळीवर दुसऱ्याच हिवाळ्यात फोड आले, पुढच्या चाकाने उडवलेल्या खड्यांनी सुरुवात केली आणि मिठाने बाकीचं काम केलं. अॅल्युमिनियम गंजत नाही, पण त्याचे ब्रॅकेट आणि बोल्ट पोलादाचे असतात आणि ते गंजतात. बसवताना ग्रीस लावा, नाहीतर काढताना बोल्ट तुटतो. (तुटला.)

आता विरोधी पक्षाकडे वळू. माझा एक मित्र आहे, मराठीच. त्याच्याकडे माझ्याहून उंच ट्रक. तो म्हणतो, "खाली लोंबणारी पायरी लावलीस की ग्राउंड क्लीअरन्स गेला. दगडावर आपटेल." मी विचारलं, तू शेवटचा दगडावर कधी गेला होतास? तो म्हणाला, "प्रश्न तो नाही." प्रश्न तोच आहे! जो खरोखर दगडधोंड्यांतून जातो त्याने पायरी लावूच नये, किंवा चासीला धरणारे जाड रॉक स्लायडर लावावेत, गाडीचं पोट वाचवायला. ती वेगळी वस्तू, तिचं काम वेगळं. पण ज्याचा ट्रक घर, ऑफिस आणि कॉस्ट्कोचं पार्किंग या त्रिकोणाबाहेर जात नाही, त्याने न येणाऱ्या दगडासाठी रोज येणाऱ्या आईला लटकवायचं, हा कुठला हिशोब?

दुसरं म्हणणं त्याहून वाईट. "पायरीने ट्रकचा रुबाब जातो." म्हणजे रुबाब कशात, तर दुसऱ्याला चढता येऊ नये यात. हे आपल्याला नवीन नाही. उंच जोती, उंच उंबरठे, सिंहासनं, सगळी त्यासाठीच तर असतात. फक्त ट्रकवाल्याला ते कळत नाही की त्याच्या जोत्याखाली उभी राहिलेली बहुतेक वेळा त्याचीच बायको-मुलं असतात.

"मग घडीचं स्टूल ठेव ना" असं सांगणारेही भेटले. ठेवलं होतं. ओल्या डांबरावर स्टूल सरकतं. आणि आई आत बसल्यावर ते उचलायला खाली कुणीतरी हवंच, म्हणजे पुन्हा तिचं चढणं हा एक समारंभ. तिला नको होता तो समारंभच.

सगळ्यात खरा आक्षेप मात्र बाबांचा. ते म्हणाले, "एवढी उंच गाडी घेतलीसच कशाला?" याला माझ्याकडे उत्तर नाही. गाड्या उंच होत चालल्या आहेत आणि त्याची किंमत फक्त आत चढणारे देतात असं नाही. विम्याच्या कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या इथल्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचं बॉनेट ४० इंचांहून उंच आहे अशा गाड्यांची पादचाऱ्याला धडक बसली तर मृत्यूची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त, असं त्यात दिसलं. माझं बॉनेट मी मोजलेलं नाही. धीर होत नाही.

गंमत म्हणजे ही पायरी मोटारीला पूर्वी फुकट मिळायची. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात बनली, तिचे जुने फोटो बघा. दोन्ही बाजूंना मडगार्डपासून मडगार्डपर्यंत सलग फळी. लोक तिच्यावर पाय देऊन चढत, सामान बांधत, उभे राहून गप्पा मारत. कारण घोडागाडीतून उतरलेली माणसं ती बनवत होती, आणि घोडागाडीला पायरी लागते हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पुढे गाड्या बुटक्या आणि रुंद झाल्या, १९३० आणि ४०च्या दशकांत पायरी बॉडीच्या पोटात गेली. फोक्सवॅगनच्या बीटलने तेवढी ती २००३ पर्यंत आठवणीसारखी बाळगली. पायरी गेली ती गरज संपली म्हणून, त्यात कुणावर अन्याय नव्हता. मग गाड्या पुन्हा उंच झाल्या. गरज परत आली. पण पायरी परत आली ती जादा पैशांच्या यादीत, रंगीत चटया आणि डब्यावरच्या झाकणांच्या शेजारी. शिडी न देता माळा विकायचा आणि शिडीचे पैसे वेगळे, वर शिडीत गोल नळीची फॅशन!

असो. मी शेवटी काय केलं ते सांगतो. ऑक्टोबरमध्ये क्रोमची नळी उतरवली आणि प्रत्येक दाराखाली अर्ध्या कडीसारखी खाली लोंबणारी पायरी असलेली जोडी घेतली. काळी, कुरूप, जाळीदार. जाळीतून बर्फ खाली पडतो आणि तिच्या दातऱ्या बुटाला धरतात. जमिनीपासून पायरी साडेबारा इंच, तिथून उंबरठा साडेदहा. मोजून बघा, बेरीज तेवीसच होते. तेवीस इंच कुठे पळून जात नाहीत, फक्त वाटून घेता येतात. घ्यायच्या आधी दुकानात मी टेप लावली, तेव्हा तिथला माणूस म्हणाला की ही फार विकली जात नाही, दिसायला ओबडधोबड आहे म्हणून.

बसवली त्या संध्याकाळी आईला बाहेर बोलावलं. ती आधी पुढच्या दाराशी गेली. कडी धरली, पायरीवर उजवा पाय, मग डावा, मग आत. मी मागे हात धरून उभा होतो, तिने वळून बघितलं आणि म्हणाली, "तू बाजूला हो बघू." मग गाडीकडे तोंड करून उतरली. मग पुन्हा चढली. बाबा व्हरांड्यातून म्हणाले, "अगं, परीक्षा आहे का?" ती म्हणाली, "अहो, गणपती राहिला ना माझा."

मित्र परवा ट्रक बघून म्हणाला की आता हा शाळेच्या बससारखा दिसतो. दिसू दे. त्याची आई मार्चमध्ये येते आहे, तेव्हा मी टेप घेऊन त्याच्याकडे जाणार आहे.

आमची आई येईल मे महिन्यात. मागच्या दाराच्या कड्या मागवून सहा आठवडे झाले, खोक्यातच पडून आहेत. काल फोनवर तिने हवापाणी, नात, आंब्यांचे भाव असं सगळं झाल्यावर विचारलं, "कड्या बसवल्यास का?" येत्या शनिवारी बसवतो म्हणून सांगितलंय.